पोपटात जीव ठेवलेला जादूगार

‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ खेळणाऱ्यांच्या वाट्याला कधी ना कधी एक विलक्षण प्रसंग येतो. कित्येक महिन्यांच्या खेळानंतर त्यांची पात्रं एका जुन्या थडग्याच्या तळाशी पोहोचलेली असतात. समोर सिंहासनावर जरीची जीर्ण वस्त्रं ल्यालेला सांगाडा बसलेला असतो. त्याच्या डोळ्यांच्या खोबणीत दोन ठिणग्या जळत असतात. तुंबळ लढाई होते, एखाददुसरा साथीदार धारातीर्थी पडतो, पण अखेर सांगाड्याचा चुरा होतो. टेबलाभोवती जल्लोष होतो, खजिन्याची वाटणी होते. आणि खेळातले आठ दिवस उलटतात न उलटतात, तो हाच जादूगार पुन्हा समोर उभा ठाकतो. मारलं होतं, मग हा आला कुठून?

या राक्षसाचं नाव लिच. गेल्या पन्नास वर्षांत अशा खेळांसाठी शेकडो राक्षस निर्माण झाले. आगीचे लोळ फेकणारे ड्रॅगन आले, डोळ्यांचे झुपके असलेले गोळे आले, अंधारात सरपटणारे चिखलाचे ढीग आले. त्या सगळ्यांत लिचइतका नेमका घडवलेला राक्षस दुसरा नाही, असं मला वाटतं. त्याचा जीव त्याच्या अंगात नाही. या एका कल्पनेमुळे लढाईचा खेळ शोधाचा खेळ होतो. ही कल्पना मराठी माणसाला परकी नाही, कारण राक्षसाचा जीव पोपटात असल्याची गोष्ट आपण लहानपणीच ऐकलेली असते.

खेळ आणि त्यातली भुतं

या खेळाची ओळख नसलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ १९७४ साली अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा या गावातून प्रसिद्ध झाला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन हे त्याचे दोन जनक. दोघंही मूळचे युद्धखेळांचे शौकीन. टेबलावर शिशाचे सैनिक मांडून जुन्या लढाया पुन्हा लढायच्या, असा तो छंद होता. १९७१ साली गायगॅक्स आणि जेफ पेरेन यांनी ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचं नियमपुस्तक काढलं आणि त्याच्या पुरवणीत जादूगार आणि ड्रॅगन आणले. पुढे अर्नेसन यांनी सैन्याऐवजी प्रत्येक खेळाडूच्या हाती एकच पात्र दिलं आणि खेळाचा चेहराच बदलला.

यात पट लागतोच असं नाही. एक जण ‘डन्जन मास्टर’ होतो. तो जग उभं करतो, प्रसंग सांगतो, राक्षसांच्या वतीने बोलतो आणि लढतो. बाकीचे आपापल्या पात्राच्या वतीने काय करायचं ते ठरवतात. कृती जमली की फसली, याचा निवाडा फासे करतात. त्यात २० बाजूंचा फासा सर्वांत महत्त्वाचा. पात्रं अनुभवाने एकेक पातळी वर चढतात आणि त्यांची गोष्ट कधीकधी अनेक वर्षं चालते.

मेल्यावरही हिंडणारी, ‘अनडेड’ म्हणून ओळखली जाणारी मंडळी या खेळात पहिल्या दिवसापासून आहेत. १९७४ च्या मूळ पुस्तिकांत सांगाडे, झोंबी, घूल, वाइट, रेथ, ममी, स्पेक्टर आणि व्हॅम्पायर अशी उतरंड दिलेली होती. यामागे व्यावहारिक कारणही आहे. हजार वर्षं बंद असलेल्या तळघरात पहारा द्यायला ज्याला अन्न, पाणी, झोप काहीच लागत नाही, असाच पहारेकरी हवा. शिवाय चालतं प्रेत तोडताना खेळाडूच्या मनाला टोचणी लागत नाही.

या भुतांनी खेळ घडवलाही. अर्नेसन यांच्या ‘ब्लॅकमूर’ या खेळमालिकेत एका खेळाडूचं पात्र व्हॅम्पायर झालं. सर फँग नावाचं हे पात्र इतकं बलवान होत गेलं की बाकीच्यांना आवरेना. त्याला तोंड देण्यासाठी पुरोहिताचं पात्र आणलं गेलं. त्याने पवित्र चिन्ह उंचावलं की भुतं मागे सरत. आज या खेळात ‘क्लेरिक’ हा पात्रांचा जो मुख्य वर्ग आहे, त्याचं मूळ या पुरोहितात आहे. एका भुतावरचा उतारा म्हणून निघालेली कल्पना पुढे खेळाचा खांब झाली.

प्रत्येक भुताचा स्वतःचा नियम

खेळातला राक्षस नुसत्या वर्णनाने भीतिदायक होत नाही. ‘तो फार भयंकर दिसतो’ हे वाक्य दहाव्यांदा ऐकलं की कुणाला काही वाटत नाही. त्याचं भय नियमातून यावं लागतं. २०१४ साली आलेल्या पाचव्या आवृत्तीतला साधा झोंबी घ्या. त्याच्याकडे फक्त २२ हिट पॉइंट असतात, म्हणजे घावांतून तेवढी इजा झाली की तो पडायला हवा. पण त्याच्या नियमात एक मेख आहे. शेवटचा घाव बसल्यावर डन्जन मास्टर फासा टाकतो आणि दान जमलं तर झोंबी एका हिट पॉइंटवर पुन्हा उभा राहतो. फक्त दैवी तेजाचा घाव किंवा अचूक वर्मी बसलेला घाव त्याला ही संधी देत नाही. ‘हे प्रेत पडता पडत नाही’ हे वाक्य न बोलता खेळाडूला कळतं.

वाइटचा नियम याहून क्रूर होता. जुन्या आवृत्त्यांत त्याचा हात लागला की पात्राची एक अख्खी पातळी जायची. महिनोन्‌महिने खेळून कमावलेलं एका फटक्यात गमवायचं, याची खेळाडूंना मरणापेक्षाही धास्ती वाटे. पुढच्या आवृत्त्यांनी हा नियम सौम्य केला, पण त्यातलं तत्त्व पक्कं होतं. भुताने घाव घालायचा तो खेळाडूला जे सर्वांत मोलाचं वाटतं त्यावर.

लिचचा जन्म

लिच मूळ पुस्तिकांत नव्हता. १९७५ साली गायगॅक्स आणि रॉब कुंट्झ यांनी ‘ग्रेहॉक’ ही पहिली पुरवणी काढली, तिच्यातून तो आला. गार्डनर फॉक्स या लेखकाच्या कोथार या योद्ध्याच्या कथेवरून तो सुचल्याचं गायगॅक्स यांनी पुढे सांगितलं. १९६९ सालच्या त्या कथेत अफगोरकॉन नावाचा फार पूर्वी मेलेला जादूगार थडग्यातून उठतो आणि कोथारला तलवार देतो. त्याआधी, १९३० च्या दशकात, क्लार्क अ‍ॅश्टन स्मिथ यांच्या भयकथांतून ‘लिच’ हा प्रेतासाठीचा जुना इंग्रजी शब्द वाचकांना भेटला होताच.

सुरुवातीचा लिच म्हणजे मेलेला पण जादू न विसरलेला जादूगार, एवढंच. १९७७ च्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये त्याच्या वर्णनात ‘फिलॅक्टरी’ ही वस्तू आली. १९७९ साली ‘द ड्रॅगन’ या मासिकात लेन लाकोफ्का यांनी लिच होण्याची कृती सविस्तर लिहिली. यानंतर ही वस्तू त्याची ओळखच बनली. फिलॅक्टरी म्हणजे लिचने आपला आत्मा ठेवलेली पेटी, ताईत, अंगठी किंवा तसलीच एखादी वस्तू. २०२५ च्या नव्या ‘मॉन्स्टर मॅन्युअल’मध्ये तिला ‘स्पिरिट जार’ म्हटलं आहे, पण काम तेच.

२०१४ च्या नियमांत हे काम असं चालतं. लिचचं शरीर नष्ट झालं आणि फिलॅक्टरी शाबूत असली, तर दहा बाजूंचा फासा टाकायचा. जितके पडतील तितक्या दिवसांत तो नव्या देहानिशी परततो आणि हा देह फिलॅक्टरीपासून पाच फुटांच्या आत तयार होतो. शेवटचा तपशील वरवर किरकोळ वाटतो, पण डावपेचाच्या दृष्टीने तो फार मोलाचा. लिचला जिथे मारलं तिथे तो उठत नाही, जिथे त्याचा जीव आहे तिथे उठतो. म्हणजे त्याच्या परतीची वाट उलटी शोधत गेलं, तर त्याच्या जिवापर्यंत पोहोचता येतं. नियमातच खेळाडूंसाठी धागा ठेवला आहे.

समोरासमोरच्या लढाईतही तो सोपा नाही. साध्या सांगाड्याची अवघडपणाची श्रेणी पाव, तर लिचची २१. त्याचे हिट पॉइंट १३५, त्याचा नुसता स्पर्श माणसाला जागच्या जागी जखडून टाकतो. त्याच्या मंत्रांत एक असा आहे की समोरच्याचे हिट पॉइंट शंभर किंवा त्याहून कमी असतील, तर तो एका शब्दात मरतो आणि वाचण्यासाठी फासा टाकायचीही सोय नसते. एकट्या राक्षसाची नेहमीची अडचण अशी की पाच खेळाडूंच्या पाच चाली होतात तेव्हा त्याची एक होते. म्हणून लिचला इतरांच्या चाली संपताच मध्येमध्ये छोट्या हालचाली करायची मुभा दिली आहे. शिवाय दिवसातून तीन वेळा आपलं फसलेलं दान तो जमलेलं ठरवू शकतो. खेळाडूंना वाटतं, हा आपल्या एक पाऊल पुढे आहे. शेकडो वर्षं विचार करत बसलेल्या शत्रूबद्दल हेच वाटायला हवं.

स्वतः निवडलेलं मरण

झोंबीला कुणीतरी दुसरा उठवतो. व्हॅम्पायर बहुधा दुसऱ्याच्या दंशाने होतो. लिच मात्र आपल्या मर्जीने लिच होतो. मरणाला भिऊन, ज्ञानाची भूक शमत नाही म्हणून किंवा सत्ता सोडवत नाही म्हणून एक बुद्धिमान माणूस बसून विचार करतो, वर्षानुवर्षं तयारी करतो आणि एका रात्री माणूसपण टाकून देतो. इथे शाप नाही, अपघात नाही. निर्णय आहे.

त्याची किंमत एकदाच चुकती होत नाही. पाचव्या आवृत्तीप्रमाणे फिलॅक्टरीला वेळोवेळी दुसऱ्यांचे आत्मे खायला घालावे लागतात. त्या वस्तूत कोंडलेला जीव २४ तासांत कायमचा संपतो. लिचने हे थांबवलं तर त्याचा देह झडत जातो, अखेर एक कवटी उरते आणि तो ‘डेमिलिच’ होतो. अमरत्व टिकवायला कुणाचा तरी बळी द्यावाच लागतो, हे या राक्षसाचं मर्म आहे. त्यामुळे डन्जन मास्टरला लिच का दुष्ट आहे हे समजावून सांगावं लागत नाही. जवळच्या गावातली माणसं नाहीशी होऊ लागतात आणि गोष्ट आपोआप सुरू होते.

या खेळातले दोन लिच जगप्रसिद्ध झाले. पहिला अ‍ॅसिरॅरॅक. १९७५ साली बॉल्टिमोरच्या ‘ओरिजिन्स’ संमेलनातल्या स्पर्धेसाठी गायगॅक्स यांनी ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस रचलं. त्यांच्या टेबलावरचे मुरलेले खेळाडू फारच आत्मविश्वासाने वावरू लागले होते, त्यांची खरी परीक्षा पाहायची होती. तिथल्या तळघरात लढाया कमी आणि सापळे जास्त आहेत. शेवटी रत्नं जडवलेली एक कवटी भेटते, तोच अ‍ॅसिरॅरॅक. नुसती तलवार घेऊन गेलेला तिथून परत येत नाही.

दुसरा वेक्ना. जॅक व्हान्स या लेखकाच्या आडनावातली अक्षरं उलटसुलट करून हे नाव बनवलं आहे, कारण खेळातली मंत्रांची पद्धत व्हान्स यांच्या कथांवर बेतलेली होती. वेक्नाची खुबी अशी की १९७६ च्या पुरवणीत तो स्वतः नव्हताच, होते फक्त त्याचा हात आणि त्याचा डोळा. या दोन वस्तू वापरून अपार शक्ती मिळवायची असेल, तर आपला हात तोडून किंवा डोळा काढून त्या जागी बसवायच्या. राक्षस दिसण्याआधी त्याचे अवशेष दिसले आणि खेळाडूंच्या कल्पनाशक्तीने उरलेला वेक्ना उभा केला. २०२२ साली ‘स्ट्रेंजर थिंग्ज’ या मालिकेतल्या खलनायकाला हेच नाव मिळालं आणि कधी फासा हातात न धरलेल्या लाखो प्रेक्षकांपर्यंत ते पोहोचलं.

पंचकिनचा हिरवा पोपट

जीव अंगाबाहेर ठेवण्याची कल्पना मानवाच्या फार जुन्या कल्पनांपैकी एक आहे. इसवी सनापूर्वी १२०० च्या आसपास लिहिलेल्या इजिप्तच्या ‘दोन भावांची गोष्ट’ या कथेत बाटा आपलं हृदय झाडाच्या फुलावर ठेवतो. रशियन लोककथांतला कोश्चेई याचं मरण सुईच्या टोकाशी असतं. ती सुई अंड्यात, अंडं बदकात, बदक सशात आणि ससा एका बेटावरच्या ओक वृक्षाखालच्या पेटीत. हॅरी पॉटरच्या वाचकांना वोल्डेमॉर्टचे हॉरक्रक्स आठवतील, तेही याच घराण्यातले.

या घराण्यातली एक नामांकित कथा आपल्या दख्खनमधली आहे. मुंबई इलाख्याचे गव्हर्नर बार्टल फ्रियर यांची मुलगी मेरी फ्रियर हिने ‘ओल्ड डेक्कन डेज’ हा लोककथांचा संग्रह १८६८ साली लंडनहून प्रसिद्ध केला. त्या कथा सांगितल्या होत्या तिच्या आयेने. अ‍ॅना लिबराटा डिसूझा तिचं नाव, मूळचं लिंगायत असलेलं तिचं घराणं गोव्याजवळ येऊन स्थिरावलं आणि तिथे ख्रिस्ती झालं. तिने त्या गोष्टी आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. संग्रहातली पहिलीच गोष्ट पंचकिन नावाच्या जादूगाराची आहे. पुढे जेम्स फ्रेझर यांनी ‘द गोल्डन बाव’ या ग्रंथात बाहेर ठेवलेल्या जिवाची चर्चा केली, तिथेही पंचकिन आहे.

पंचकिनने राजकन्या बाल्ना हिला कैदेत ठेवलं आहे आणि तिला सोडवायला आलेल्या सगळ्यांना दगड करून टाकलं आहे. बाल्नाचा मुलगा मोठा होऊन तिथे पोहोचतो. तो आईला सांगतो, याचा जीव कुठे आहे ते काढून घे. ती गोड बोलून पंचकिनकडून ते काढून घेते. फार दूर घनदाट जंगल, त्यात ताडांचं रिंगण, रिंगणात एकावर एक ठेवलेल्या पाण्याच्या सहा घागरी, त्यांच्याखाली पिंजरा आणि पिंजऱ्यात छोटा हिरवा पोपट. मुलगा प्रवासात गरुडाच्या पिलांना सापापासून वाचवतो, तीच पिलं त्याला पाठीवर घेऊन पहारेकऱ्यांच्या डोक्यावरून नेतात. पोपट हाती आल्यावर तो लगेच त्याची मान मुरगाळत नाही. आधी सगळ्या दगडांना पुन्हा माणसं करायला लावतो. मग पोपटाचा एक पंख तोडतो आणि पंचकिनचा एक हात गळून पडतो.

उत्तम खेळाचा सगळा आराखडा या गोष्टीत आहे. शत्रू बळाने हरत नाही. त्याचं गुपित संवादातून कळतं. वाटेत केलेला उपकार पुढे कामी येतो. आणि मर्म हाती आल्यावरही एक मोठा निर्णय उरतो, लगेच मारायचं की आधी बंदिवानांना सोडवून घ्यायचं? लिचची फिलॅक्टरी हाती आलेल्या खेळाडूंपुढे नेमका हाच प्रश्न उभा राहतो. पेटी फोडली तर शत्रू संपेल, पण त्याच्याकडून जे परत मिळवायचं आहे तेही कदाचित कायमचं जाईल. गायगॅक्स यांच्या गावापासून दख्खन कितीतरी दूर आहे. तरी माणूस मरणाबद्दल विचार करू लागला की याच वाटेने येतो, हे मला फार अर्थपूर्ण वाटतं.

स्वतःचं भूत घडवायचं असेल तर

आज महाराष्ट्रातही हा खेळ खेळणारे तरुण गट आहेत, आणि प्रत्येक डन्जन मास्टरला कधीतरी आपला स्वतःचा राक्षस घडवावासा वाटतो. लिच त्यांना चार गोष्टी शिकवतो. पहिली, हे भूत मेल्यावर का थांबलं ते आधी ठरवा. शिंगं आणि नखं नंतर येतात, आधी इच्छा येते. दुसरी, त्या इच्छेचा एक नियम करा, जो फाशांतून आणि चालींतून खेळाडूला जाणवेल. तिसरी, त्याला संपवण्याची वाट लढाईच्या बाहेर ठेवा. चौथी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट अशी की ती वाट सापडेल अशी ठेवा. पंचकिनचा पोपट जंगलात होता, पण बाल्नाने विचारल्यावर पत्ता मिळाला. एका धाग्यावर सगळं अवलंबून ठेवलं आणि तो खेळाडूंच्या नजरेतून सुटला, तर खेळ अडतो. निदान तीन वेगवेगळ्या ठिकाणी खुणा पेरा: एखादी म्हातारी, एखादं जळकं बाड, लिचचाच एखादा पश्चात्ताप झालेला शिष्य.

साहित्य शोधायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या गावगोष्टींतलं प्रत्येक भूत जागा, इच्छा आणि नियम घेऊनच येतं. सोडमुंज होण्याआधी मेलेल्या मुलाचा मुंजा पिंपळावर राहतो. धनात जीव अडकलेला समंध पुरलेल्या हंड्यावर पहारा देतो. गिऱ्हा पाण्याशी गाठ घालतो, चकवा वाट चुकवतो. यातल्या कुणालाही तलवारीने मारता येत नाही. समंधाचं राहिलेलं काम पुरं करावं लागतं, चकव्यातून सुटायला डोकं शांत ठेवावं लागतं. शोधाचा खेळ रचणाऱ्याला याहून चांगला कच्चा माल कुठे मिळणार?

इथे एक विवेक मात्र हवा. कोकणात आणि गोव्यात वेताळ आणि देवचार ही गावाची राखण करणारी दैवतं आहेत. सिंधुदुर्गातल्या आरवलीच्या वेतोबाला आजही भाविक भल्यामोठ्या चपला वाहतात, कारण तो रात्री गावात फिरून राखण करतो अशी श्रद्धा आहे. अशा दैवताला खेळात आणायचं तर खेळाडूंची परीक्षा घेणारा राखणदार म्हणून आणा, कापून काढायचा राक्षस म्हणून नको. तसं केलंत तर त्याचा मान राहील आणि तुमची गोष्टही खोल होईल.

ज्यांना हा खेळ सुरू करायचा आहे त्यांच्यासाठी मूळ नियमांचा पायाभूत भाग विनामूल्य उपलब्ध आहे, बाकी लागतात चार मित्र आणि फाशांचा एक संच. पहिल्या खेळाच्या आधी घरातल्या सर्वांत वडीलधाऱ्या माणसाला गावाकडच्या भुताची एक गोष्ट विचारा आणि ती लिहून ठेवा. तिच्यात इच्छा असेल, जागा असेल आणि सुटकेची वाटही असेल. तुमचा पहिला राक्षस तिथूनच घडवा.